१८ हजारांत अँड्रॉइडवाला लॅपटॉप: घ्यावा का?

सुपारीफूल
नणंदेची मुलगी यंदा दापोलीहून रत्नागिरीला एफवायबीकॉमला जातेय. लॅपटॉप मी घेऊन देणार आहे. बजेट १८ हजार, ताणून २०. दुकानात तीन मशीन दाखवली: अँड्रॉइडवर चालणारा, सिम घालता येणारा लॅपटॉप, एक क्रोमबुक (गूगलच्या क्रोमओएसवर चालणारा), आणि विंडोज ११ चा सेलेरॉनवाला (इंटेलची स्वस्तातली चिप), ४ जीबी रॅमचा. दुकानदाराचा आग्रह पहिल्यासाठी. "ताई, मोबाइल येतो ना वापरता? मग झालं." झटकन चालू होतो, बॅटरी दिवसभर पुरते म्हणे, वजन किलोच्या आत. मला बरा वाटला. नवऱ्याचं म्हणणं, हा लॅपटॉप नव्हेच, कीबोर्ड चिकटवलेला टॅब आहे.

असेना का टॅब! बिघडतं कुठे, हा माझा प्रश्न. आणि कृपया "बजेट वाढवा" नको. वाढणार असतं तर धागा काढला नसता.

खटपट्या
बजेट वाढवा. (हलके घ्या.)

आता मुद्द्याचं. तिघांतला विंडोजवाला आधी बाद करा. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज ही विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने ठरवलेली किमान अट आहे, म्हणजे नुसती चालू होण्यापुरती. चालू झाल्यावर निम्मी रॅम सिस्टीमच खाते. क्रोममध्ये चार-पाच टॅब उघडले की उरलेली संपते आणि मग सगळा भार ईएमएमसीवर. ही ईएमएमसी मेमरी कार्डाच्याच जातीची चिप, बोर्डावर डकवलेली, बदलता येत नाही, आणि वेग यथातथाच. त्यातच विंडोजचं अपडेट आलं की दुपारभर बसा पंख्याचा आवाज ऐकत. बहुतेकांत पंखाही नसतो म्हणा.

अँड्रॉइड त्याच ४ जीबीत सुखाने राहतं, कारण त्याचा जन्मच टंचाईतला. मागे गेलेलं अ‍ॅप ते गोठवून ठेवतं आणि जागा कमी पडली की सरळ मारून टाकतं. चिप फोनची, म्हणून गरम होत नाही, झाकण लावून ठेवलं तरी बॅटरी फारशी उतरत नाही. आपल्याकडे हा प्रयोग जिओबुकने केला होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये पहिलं आलं, १५,७९९ रुपयांना: स्नॅपड्रॅगन ६६५, २ जीबी रॅम, ३२ जीबी स्टोरेज. २ जीबी म्हणजे थट्टाच होती. जुलै २०२३ च्या शेवटी दुसरं जाहीर झालं, १६,४९९ ला: ४ जीबी, ६४ जीबी, मीडियाटेकची चिप, ९९० ग्रॅम, ४जी सिम. दोन्हीवर जिओओएस, म्हणजे आतून अँड्रॉइडच. नोट्स काढणं, व्हिडिओ लेक्चर, ईमेल, पीडीएफ एवढ्यासाठी ही कल्पना मला तरी वाईट वाटत नाही.

एक खोट मात्र माहीत असू द्या. अ‍ॅप मारून टाकायची ती सवय लॅपटॉपवरही जात नाही. शिष्यवृत्तीचा लांबलचक फॉर्म भरताय, मधेच ओटीपी बघायला किंवा उत्पन्नाच्या दाखल्याचा नंबर शोधायला दुसरीकडे गेलात, परत येईपर्यंत पान पुन्हा लोड होऊन भरलेलं सगळं साफ.

टवाळखोर
काल रात्री महाडीबीटीवर हेच झालं, आणि माझं मशीन तर १६ जीबीचं आहे. सबब दोष अँड्रॉइडचा नसावा. :)

जमाखर्च
एफवायबीकॉम वाचून राहवलं नाही. आमच्या धंद्यातलं सांगतो.

टॅली, म्हणजे हिशेब ठेवायचं सॉफ्टवेअर, विंडोजवरच चालतं. आयकर खात्याच्या एक्सेल युटिलिटीला मॅक्रो (फाइलीच्या आतच चालणारे छोटे प्रोग्राम) लागतात, आणि अँड्रॉइडवरच्या एक्सेलमध्ये मॅक्रो चालत नाहीत. डिजिटल सिग्नेचरचा पेन ड्राइव्हसारखा यूएसबी टोकन येतो, त्याच्याबरोबर मिळणारा ड्रायव्हर विंडोजचा. टेंडर भरणाऱ्यांना विचारा, जावा आणि टोकन यांचं जमवता जमवता कसा घाम निघतो, तोही विंडोजवर. अँड्रॉइडवर तर प्रश्नच मिटला, सुरुवातच होत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट, दुकानदार कधी सांगणार नाही. अँड्रॉइडवरचं वर्ड-एक्सेल फुकट असतं ते १०.१ इंचापर्यंतच्या पडद्याला. त्याहून मोठ्या पडद्यावर फाइल नुसती वाचता येते. दुरुस्त करायची तर मायक्रोसॉफ्ट ३६५ ची वर्गणी भरा. लॅपटॉप म्हणून विकलेलं मशीन बहुधा ११ इंचांच्या पुढेच असतं. म्हणजे त्याच मुलीच्या फोनवर जी फाइल फुकट सुधारता येते, ती लॅपटॉपवर पैसे मागते! ब्राउझरमधून वर्ड फुकट वापरता येतं, पण मग नेट सतत हवं.

सुपारीफूल
हे १०.१ इंचाचं प्रकरण अजिबात माहीत नव्हतं. धन्यवाद.
पण टॅली पहिल्या वर्षाला लागणार आहे का? कॉलेजच्या लॅबमध्ये असेलच की.

जमाखर्च
लॅबमध्ये असतं. बॅचमध्ये एका मशीनवर तिघी बसतात. माऊस जिच्या हातात, टॅली तिचं.

झेडपीचे मास्तर
जरा वेगळा सूर लावतो. आमच्या शाळेतल्या पोरांना बालभारतीची पीडीएफ पुस्तकं, दीक्षा अ‍ॅप, यूट्यूब, एवढं सगळं टॅबवर छान येतं. मीच काही शिकवायला लागत नाही. पण सातवीच्या मुलीला विचारलं, "निबंध कुठे ठेवलास?" तर उत्तर, "व्हॉट्सअ‍ॅपवर आहे सर." फाइल कुठेतरी *असते*, तिला पत्ता असतो, हे तिच्या गावीच नाही. तिची चूक नाही. त्या सिस्टीमने कधी दाखवलंच नाही. प्रत्येक अ‍ॅप आपलं आपलं कपाट कुलपात ठेवतं.

ही कल्पना अँड्रॉइडचीच आहे असंही नाही. रायगड जिल्ह्यातल्या खैराटच्या शाळेत २००७ मध्ये 'एका मुलामागे एक लॅपटॉप' या जागतिक योजनेचा भारतातला पहिला प्रयोग झाला. हिरव्या-पांढऱ्या रंगाचं ते एक्सओ मशीन आठवत असेल काहींना. त्यावरची 'शुगर' ही मांडणी मुलांसाठी मुद्दाम नव्याने रचलेली. डेस्कटॉप नाही, फोल्डर नाही. जे केलंत ते रोजनिशीत क्रमाने नोंदलं जाणार. खाली मात्र चांगला धडधाकट लिनक्स (फुकट आणि खुली सिस्टीम) होता, मुलाला आणखी खोलात शिरायचं असेल तर वाट मोकळी होती. वरून सोपं आणि आतून उघडं, हे मला फार आवडलं होतं. पुढे २०१३ मध्ये त्याच मंडळींनी अँड्रॉइडचा टॅब बाजारात आणला. जगाने कुठला रस्ता धरला ते त्यावरून कळतं.

अक्षरजुळारी
इथे सगळे रॅमवर बोलताहेत, मराठीवर कोणीच नाही, म्हणून हा प्रतिसाद. लांबेल. माझा धंदाच अक्षरं जुळवायचा आहे.

कॉलेजात प्रोजेक्ट मराठीत द्यायचा असला, तर सरांकडून नमुना फाइल येते वर्डची, मंगल नाहीतर कोकिळा फाँटमध्ये. हे फाँट विंडोजचे. अँड्रॉइडवर ते नसतात, तिथे गूगलचा नोटो फाँट उमटतो. नोटो वाईट नाही, मला तर वाचायला मंगलपेक्षा बरा वाटतो. पण त्याची रुंदी वेगळी, ओळीची उंची वेगळी. परवा एक विद्यार्थिनी अशीच फाइल घेऊन माझ्याकडे प्रिंटला आली. टॅबवर तिने सगळं नीट लावलं होतं: अनुक्रमणिका, तक्ते, पानाच्या तळाशी मार्गदर्शकांचं नाव. माझ्या मशीनवर उघडली, तर अनुक्रमणिकेत 'प्रकरण ३' पान १४ वर आणि प्रत्यक्षात ते १६ वर. तक्त्याची शेवटची ओळ एकटीच पुढच्या पानावर जाऊन बसलेली. 'विद्यार्थ्यांची' हा शब्द रकान्यात मावेना म्हणून मधेच तुटलेला. पीडीएफ करून आणली असती तर हे झालं नसतं, हे खरं. पण सरांना दुरुस्तीसाठी वर्डच हवं असतं, तेही खरं.

हे युनिकोडचं, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या आजच्या देवनागरीचं झालं. जुन्या फाइली अजून जिवंत आहेत, त्यांचं काय करणार? श्रीलिपी, कृतिदेव, आयएसएमचे जुने फाँट. पुण्या-मुंबईची छापखान्याची दुनिया अजून त्यावर उभी आहे, आणि कित्येक पतसंस्था, ग्रामपंचायतींचे नमुनेही. या फाँटांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागेवर देवनागरी आकार बसवलेले असतात. फाँट नसला की समोर रोमन अक्षरांचा चिवडा. विंडोजवर फाँटची फाइल टाकली, दोन क्लिक, झालं. अँड्रॉइडवर वर्डच्या अ‍ॅपला बाहेरचा फाँट सहजासहजी शिकवता येत नाही.

आणि टायपिंग. फोनवर रोमनमध्ये लिहिलं की देवनागरी उमटतं, ती करामत पडद्यावरच्या कीबोर्डची. खरा कीबोर्ड लावला की बऱ्याच मशीनवर ती गुल होते. इनस्क्रिप्ट हा थेट देवनागरीचा कीबोर्डही प्रत्येक मशीनवर मिळेलच असं नाही. म्हणून सुपारीफूल, दुकानात यूट्यूब लावून बघू नका. नोट्स उघडा आणि मशीनच्याच कीबोर्डवरून 'कऱ्हाडच्या ज्ञानेश्वरने वाङ्मयाचा तास बुडवला' एवढं टाइप करून बघा. जमलं तर पुढची बोलणी.

टवाळखोर
कऱ्हाडच्या ज्ञानेश्वरने बुडवला म्हणून तिने बुडवू नये म्हणजे झालं.

एडिसनकर
न्यू जर्सीहून. आमच्याकडे दोन्ही मुलांना शाळेने क्रोमबुक दिलंय, त्यामुळे थोडं अनुभवाचं.

एक गोष्ट आधी वेगळी करा. क्रोमबुक आणि अँड्रॉइड लॅपटॉप एका पारड्यात टाकू नका. क्रोमबुकवर संगणकावरचा पूर्ण क्रोम असतो, एक्स्टेन्शनसकट. फोनवरचा क्रोम वेबसाइटला सांगतो "मी मोबाइल आहे" आणि साइट अर्धी बटणं लपवते. क्रोमबुकवर ती भानगड नाही. खिडक्या हव्या तशा लावता येतात, फाइल्सचं अ‍ॅप बऱ्यापैकी आहे, पेन ड्राइव्ह वाचतो. २०१६ पासून अँड्रॉइडची अ‍ॅपही त्यात यायला लागली. आणि बऱ्याच मॉडेलांवर आत लिनक्सचा कप्पा उघडता येतो, त्यात लिबरऑफिस (वर्ड-एक्सेलसारखं फुकट सॉफ्टवेअर) बसतं. वर फाँटचं जे दुखणं सांगितलंय, त्याला तिथे थोडा उतारा मिळतो.

पण तारीख बघा! प्रत्येक क्रोमबुकची अपडेट संपायची तारीख आधीच ठरलेली असते. पूर्वी ही मुदत इतकी तोकडी असायची की इथल्या शाळांनी धडधडीत चालती मशीन भंगारात काढली. त्यावर ओरड झाली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये गूगलने मुदत दहा वर्षांवर नेली. मेख अशी, की ही दहा वर्षं तुम्ही विकत घेतल्यापासून मोजत नाहीत. त्या मॉडेलच्या आतला साचा बाजारात आला तेव्हापासून मोजतात. दुकानात चार वर्षं धूळ खात पडलेलं 'नवीन' क्रोमबुक म्हणजे सहाच वर्षांचं आयुष्य.

भुंगा
गूगल क्रोमओएस आणि अँड्रॉइड एकत्र करणार आहे ना? २०२५ मध्ये त्यांनीच सांगितलं, क्वालकॉमबरोबर पीसीसाठी अँड्रॉइडचं काम चाललंय म्हणून. मग थांबावं का?

खटपट्या
थांबू नका. कॉलेज थांबणार आहे का? आणि पहिली मशीन २० हजारांना येतील या भ्रमात राहू नका. सध्या रॅमचे भाव बघितलेत का? एआयवाल्यांनी डेटा सेंटरसाठी रॅम उचलल्यामुळे स्वस्त मशीनचीच सगळ्यात जास्त पंचाईत आहे.

सफरचंद
टॅब्लेटची सिस्टीम वाईट असते हे गृहीतकच चूक. आयपॅडला २०२० मध्ये ट्रॅकपॅडची साथ मिळाली, २०२५ च्या आयपॅडओएस २६ मध्ये खऱ्याखुऱ्या हलणाऱ्या खिडक्या आणि वरचा मेनू बारही आला. मी त्यावर व्हिडिओ एडिट करतो, मस्त चालतं.

जमाखर्च
आयपॅडला जोडायच्या कीबोर्डच्या पैशांत इथे लॅपटॉप चाललाय, भाऊ. आणि हलणाऱ्या खिडक्या आणायला त्यांना २०१० पासून २०२५ उजाडलं, हे तुमच्याच बाजूने बोलत नाही.

मायक्रोसॉफ्टचा सर्फेस आरटी टॅब आठवतोय का कोणाला? २०१२. दिसायला विंडोज, कीबोर्ड विंडोजचा, डेस्कटॉपसुद्धा होता. पण चिप फोनच्या जातीची, एआरएमची, आणि स्टोअरमधून मिळेल तेवढंच बसवायचं. लोकांनी विंडोज म्हणून घेतला, घरी नेऊन जुनं सॉफ्टवेअर टाकायला गेले, तर टॅली काय नि कॅड काय, काहीच बसेना. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टला त्यापायी ९० कोटी डॉलरचा तोटा हिशेबात दाखवावा लागला. मशीन बंद पडत नव्हतं, उत्तम चालत होतं. लॅपटॉपसारखं दिसलं की माणूस त्याच्याकडून लॅपटॉपच्या अपेक्षा धरतो, एवढंच.

पेंग्विनकाका
अखेर मला यावंच लागलं.

अँड्रॉइड चांगलं की वाईट यात मला रस नाही. तीन-चार वर्षांनी कंपनीने अपडेट बंद केलं की काय, हे विचारा. २०१५ चा साधा इंटेलचा लॅपटॉप घ्या. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला, तरी त्यावर लिनक्स मिंट टाकला की गडी पुन्हा कामाला. माझ्याकडे अशी दोन आहेत, नातवंडं वापरतात. अँड्रॉइडच्या लॅपटॉपवर ही सोय सहसा नसते. बूटलोडरला, म्हणजे सिस्टीम चालू करून देणाऱ्या भागाला, कुलूप आणि किल्ली कंपनीकडे. चिपचे ड्रायव्हर त्या एका अँड्रॉइडपुरते शिवलेले. अपडेट थांबलं की आधी बँकांची अ‍ॅप रुसतात, मग ब्राउझर, मग सरकारी साइट. स्क्रीन, कीबोर्ड, बॅटरी सगळं शाबूत, आणि मशीन कचरा.

केरळच्या सरकारी शाळांत मुलं वर्षानुवर्षं लिनक्सवर मल्याळममध्ये शिकताहेत. परवान्याचा पैसा शून्य. आपण मात्र १८ हजारांत कुलूप विकत घेतो.

माझा सल्ला: आठव्या पिढीच्या आय५ चा, ८ जीबी रॅमचा, कंपन्यांतून निघालेला रिफर्बिश्ड, म्हणजे दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेला लॅपटॉप. त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालतं, टॅली चालतं, श्रीलिपी चालतं, आणि पुढे लिनक्सही. रॅम, एसएसडी, बॅटरी बदलता येते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला चौकशी करा, २० च्या आसपास बसेल.

अक्षरजुळारी
+१ काकांना.

खटपट्या
काका, आदर आहे, पण तुमचा हिशेब शहरातला. त्या मशीनचं वजन दोन किलोच्या आसपास, बॅटरी जुनी, वॉरंटी असली तर महिन्या-दोन महिन्यांची. रत्नागिरीच्या हॉस्टेलवर एका रात्री चार्जिंगची पिन गेली तर पोरीने लॅमिंग्टन रोड गाठायचा का? आणि मिंटवर वायफाय रुसलं तर टर्मिनल उघडायला तुम्ही जाणार? अँड्रॉइड बिघडलं तर रिसेट मारायचा, फोटो-नोट्स ड्राइव्हवर असतातच. न बिघडणं ही पण एक सोय आहे, ती मोजा.

पेंग्विनकाका
जाईन की. रत्नागिरीला आंबे मिळतात.

बाकी चार्जिंग पिनचा मुद्दा मान्य. टाइप-सी चार्जिंगचं मॉडेल बघून घ्या, तेवढी चिंता कमी. आणि मिंट आत्ता टाकाच असं म्हणतच नाही. *टाकता येतो*, एवढंच म्हणतोय.

सुपारीफूल
वाचून डोकं भणभणलं, पण चांगल्या अर्थाने. अँड्रॉइडवाला माझ्या यादीतून गेला. १२ हजारांना असता तर कदाचित विचार केला असता, टॅब म्हणून. लॅपटॉपच्या किमतीत नाही. आता क्रोमबुक की रिफर्बिश्ड, एवढं उरलंय. तिला विचारलं, तर म्हणते टॅली हवंच, कारण मैत्रिणीचा भाऊ उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यावर एंट्री करून पैसे कमावतो.

जुनं घेताना दुकानात काय काय तपासायचं?

एडिसनकर
टॅली हवं असेल तर क्रोमबुक आपोआप बाद. पण इतर वाचकांसाठी: भारतात सेकंडहँड क्रोमबुक फार स्वस्त दिसलं, तर ते परदेशातल्या शाळेतून निघालेलं असू शकतं. शाळेने आपल्या यादीतून ते सोडलेलं नसेल तर रिसेट केल्यावर ते पुन्हा त्या शाळेचंच लॉगिन मागतं. पैसे द्यायच्या आधी दुकानातच पूर्ण रिसेट करायला लावा आणि नेटला जोडून स्वतःच्या खात्याने आत शिरून दाखवा म्हणा. अपडेटची तारीख सेटिंगमध्ये 'अबाउट क्रोमओएस'च्या आत मिळते.

पेंग्विनकाका
कंपनीतून निघालेल्या विंडोजवाल्यालाही हेच लागू. आत्ता नीट चालतो, आणि पुढे कधी फॉरमॅट मारून नेटला जोडला की जुन्या कंपनीचं नाव आणि पासवर्डची चौकट. म्हणून रिसेट समोर, आणि नेटला जोडूनच. बायोसला (विंडोजच्याही आधी चालू होणारा भाग) पासवर्ड नाही ना, ते चालू करताना आत जाऊन बघा. असला तर नमस्कार करून बाहेर पडा, दुकानदार "काढून देतो" म्हणाला तरी. बॅटरीसाठी विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्ट काढता येतो. मूळ क्षमता आणि आताची क्षमता शेजारी शेजारी दिसते. निम्म्याच्या खाली असेल तर नवीन बॅटरीचे पैसे किमतीतून कापून घ्या. बिजागरी दोन-चारदा उघडमिट करून बघा, आणि सगळ्या कळा एकेक दाबून, विशेषतः स्पेसबार आणि एंटर. डेटा एंट्रीवाल्यांच्या मशीनवर उजवीकडचे आकडे आधी झिजतात. आणि बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या.